डायलिसिस चालू असताना रक्तातील चरबी: प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या कोकणातील रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिस घेणारे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे आहारसल्ल्याला येतात तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांतील काही येथे घेतले आहेत. उत्तरे लिहिताना आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा हिमोडायलिसिस (यंत्रातून रक्त शुद्ध करून घेण्याचा उपचार) घेणारा आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत असलेला किंवा त्यासाठी तपासण्या चालू असलेला प्रौढ रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा त्याची मात्रा बदलणे हा निर्णय तुमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांचा आहे. त्यांच्याशी बोलताना नेमके काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

माझे कोलेस्टेरॉल १६५ आहे, म्हणजे नॉर्मल. तरीही डॉक्टर चरबीचे काय घेऊन बसले आहेत?

मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’, हे दोन्ही आकडे बहुधा साधेच दिसतात. बिघाड असतो तो इतर ओळींमध्ये. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार, वाढलेले असतात आणि ज्याला लोक ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते एचडीएल कमी असते. जेवणातून आणि यकृतातून आलेली चरबी रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी फोडून वापरात आणण्याचे काम लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर करते. मूत्रपिंड काम करीनासे झाले की हे विकर मंदावते, चरबीचे अर्धवट फुटलेले कण रक्तात रेंगाळतात आणि एलडीएलचे कणही अधिक लहान व घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात, परंतु नेहमीच्या अहवालातील एलडीएलचा आकडा त्यामुळे वाढत नाही. लायपोप्रोटीन-ए हा आणखी एक घटक या आजारात वाढतो, आणि तोही साध्या तपासणीत दिसत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक वजाबाकी मात्र आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल हा आकडा मिळतो. एकूण १६५ आणि एचडीएल २८ असेल तर तो १३७ येतो. ट्रायग्लिसराइड जास्त असताना नुसत्या एलडीएलपेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा ठरतो, कारण बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष न मोजता सूत्राने काढतात आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते सूत्र चालत नाही.

वर्षभरात माझे कोलेस्टेरॉल १९० वरून ११८ वर आले. पथ्य लागू पडले म्हणायचे ना?

या प्रश्नाचे उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये अगदी कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. कमी कोलेस्टेरॉल स्वतः घातक असते असा याचा अर्थ नाही. शरीराची उपासमार होत असेल किंवा आत कुठेतरी सतत दाह चालू असेल, तर कोलेस्टेरॉल खाली येते, आणि जिवाला धोका असतो तो उपासमारीचा आणि दाहाचा.

किनारपट्टीवरच्या एका गावातील साठीचे गृहस्थ अशाच आकड्याचा कागद मोठ्या समाधानाने दाखवीत होते. त्याच कागदाच्या खालच्या ओळीत अल्ब्युमिन, म्हणजे पोषणाचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन, २.९ इतके कमी होते. दंडावरचा सदरा सैल झाला होता आणि फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसची सुई लावण्यासाठी शस्त्रक्रियेने तयार केलेली, शीर पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसत होती, कारण तिच्या भोवतीचे मांस गेले होते. विचारपूस केल्यावर कळले की ‘चरबी नको’ म्हणून त्यांनी आधी मासे सोडले, मग अंडी, मग डाळही पातळ केली. दोन्ही वेळा उकड्या तांदळाची पेज आणि चिमूटभर लोणचे एवढ्यावर गाडी आली होती. वजनाचा काटा मात्र तेवढाच राहिला होता, कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली होती आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचे खरे वजन, नव्याने ठरवायचे राहून गेले होते.

म्हणून कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा कधीही वाचू नये. त्याच्या शेजारी अल्ब्युमिन, ड्राय वेट आणि गेल्या दोन महिन्यांत भूक कशी होती याची नोंद ठेवावी. कोलेस्टेरॉल उतरले आणि अल्ब्युमिनही उतरले, तर ती पथ्याची फलश्रुती समजू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया मोठी असते आणि तिच्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. खंगलेल्या शरीराला जखम भरून काढणे आणि जंतुसंसर्गाला तोंड देणे, दोन्ही जड जाते.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी डायलिसिसवर उपयोगी नाही असे कोणी सांगतात, कोणी ती जन्मभर घ्या म्हणतात. खरे काय?

दोन्ही बाजूंना आधार आहे. जर्मनीत मधुमेही हिमोडायलिसिस रुग्णांवर ‘फोर-डी’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १,२५५ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दिले गेले. एलडीएल चांगले उतरले, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघाताचा झटका आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात ठळक फरक पडला नाही. २००९ मध्ये ‘अरोरा’ या चाचणीत २,७०० हून अधिक रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनबाबतही तेच दिसले. २०११ च्या ‘शार्प’ चाचणीत मूत्रपिंडविकाराचे ९,००० हून अधिक रुग्ण होते आणि त्यांतील सुमारे तृतीयांश डायलिसिसवर होते. सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकत्र दिल्यावर रक्तवाहिन्या तुंबण्यामुळे होणाऱ्या मोठ्या घटना एकंदरीत १७ टक्क्यांनी कमी झाल्या; फक्त डायलिसिसवरच्या रुग्णांपुरते पाहिले तर फायदा तितका स्पष्ट नव्हता.

कारण असे की डायलिसिसवरच्या रुग्णाचे हृदय अनेकदा वेगळ्याच वाटेने दगा देते. पोटॅशियम आणि पाण्याच्या चढउताराने ठोके बिघडतात, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हृदयाचा स्नायू जाड होतो, फॉस्फरस आणि कॅल्शियमच्या बिघाडाने रक्तवाहिन्यांत चुना साचतो. स्टॅटिन यांपैकी कशावरच चालत नाही.

या सगळ्याचा विचार करून ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये तीन गोष्टी सुचवल्या. डायलिसिसवर असलेल्या प्रौढाला स्टॅटिन नव्याने सुरू करू नये. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीपासून ती चालू असेल तर चालू ठेवावी. आणि प्रत्यारोपण झालेल्या प्रौढाला ती द्यावी. शेवटची सूचना तुमच्यासाठी महत्त्वाची आहे, कारण तुम्हाला पहिल्या गटातून तिसऱ्या गटात जायचे आहे.

मग माझ्या डॉक्टरांनी डायलिसिस सुरू झाल्यावर गोळी का लिहून दिली? चुकले का त्यांचे?

तसे मुळीच समजू नये. वरील सूचना सर्वसाधारण रुग्णासाठी आहे. ज्याला झटका येऊन गेला आहे, ज्याच्या हृदयात स्टेंट आहे, ज्याच्या अँजिओग्राफीत अडथळा दिसला आहे किंवा ज्याचे एलडीएल फारच वाढलेले आहे, त्याचा हिशेब वेगळा होतो. ज्याचे प्रत्यारोपण वर्ष-दोन वर्षांत होण्याची शक्यता आहे, त्याच्या पुढे आयुष्याची बरीच वर्षे आहेत, हाही विचार डॉक्टर करतात. ‘ही गोळी माझ्या कोणत्या कारणासाठी आहे?’ एवढा साधा प्रश्न विचारावा. वाईट वाटते ते याचे, की तीन आठवडे गोळी बंद करून बसलेला रुग्ण ते सांगतच नाही, आणि डॉक्टर मात्र ती चालू आहे असे धरून अहवाल वाचतात.

ट्रायग्लिसराइड ४८० निघाले. आता तेल-तूप पूर्ण बंद करू का?

नको. डायलिसिसवर दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २५ ते ३५ उष्मांक लागतात. साठ किलोच्या माणसाला ते १,५०० ते २,१०० होतात. फळे, भाज्या, दूध यांवर आधीच मर्यादा असताना तेलही तोडले, तर शरीर स्वतःचे मांस जाळू लागते. शिवाय ट्रायग्लिसराइड चढण्याला तेलापेक्षा साखर, गूळ, गोड पेये, मैदा, एका वेळी ताटात पडणारा भाताचा डोंगर आणि दारू ही कारणे अधिक जबाबदार असतात. माडी किंवा फेणी ‘आपल्या झाडाची’ असली तरी यकृताला त्याची ओळख नसते.

मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी. पुष्कळदा तेवढ्यानेच आकडा बराच खाली येतो. थायरॉइडची टीएसएच तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावले की चरबी वाढते आणि ही गोष्ट सहज निसटते. रक्तदाबासाठी चालू असलेल्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्याही ट्रायग्लिसराइड थोडे वाढवतात, म्हणून औषधांची यादी दाखवावी.

फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइडची प्रसिद्ध गोळी डायलिसिसवर वर्ज्य आहे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती औषधाच्या दुकानातून आणू नये. मूत्रपिंड निकामी असताना ती शरीरात साचते आणि स्नायू विरघळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आकडा १,००० च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि तेव्हा मात्र आहारातील चरबीही काही काळ कडकपणे कमी करावी लागते. पोटात वर, पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ आली तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नये.

नारळाशिवाय कोकणात जेवण कसे करायचे?

नारळाशिवाय जेवायला कोणी सांगत नाही. पण नारळाची चार रूपे वेगळी मोजावी लागतात, आणि घोटाळा इथेच होतो.

शहाळ्याचे पाणी डायलिसिसवरच्या रुग्णाने पिऊ नये. त्यात चरबी जवळजवळ नसते, पण पोटॅशियम भरपूर असते, आणि एका शहाळ्याने दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आजाऱ्याला भेटायला येताना शहाळे आणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ते भेटायला आलेल्यांनाच द्यावे.

खोबरेल तेल चवीला कितीही छान असले तरी त्यातील सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते. ते एलडीएल वाढवते. एचडीएलही थोडे वाढवते, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, करडई किंवा राइस ब्रान तेल वापरावे, आणि माणशी महिन्याला अर्धा लिटर हा अंदाज धरावा. खोबरेलाचा चमचा एखाद्या पदार्थावर वासापुरता असू द्यावा.

वाटण हा खरा प्रश्न आहे. चार माणसांच्या कालवणाला एक अख्खा नारळ वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव नारळ येतो, आणि हे दोन्ही वेळा होते. अर्धी वाटी खवलेले खोबरे, भाजलेला कांदा, धणे आणि थोडा भिजवलेला तांदूळ असे वाटण केले तर रस्सा दाटही होतो आणि खोबरे कळण्याइतके लागते. कुळथाची पिठी, बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले, फोडणीची कारल्याची भाजी असे पदार्थ खोबऱ्यावाचून चालतात. आठवड्यातले काही दिवस त्यांच्यासाठी ठेवावेत.

चौथे रूप सोलकढीचे. ही साधी दिसते, पण एका पेल्यात नारळाच्या दुधाची संपृक्त चरबी आणि पोटॅशियम, आगळातील मीठ, आणि दिवसाच्या पाण्याच्या हिशेबातले २०० मिलिलिटर असे सगळेच येते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी मिळत असताना हा पेला महाग पडतो. दोन-तीन घोट, वाटीतून, जेवणाच्या शेवटी, असे बहुतेकांना जमते. पेजेचे पाणीही याच हिशेबात धरायचे असते, हे सांगून ठेवलेले बरे.

मासे खायचे की सोडायचे?

खायचे. हिमोडायलिसिसवर दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात; साठ किलोला ती ६० ते ७२ ग्रॅम होतात. साफ केलेल्या १०० ग्रॅम माशातून त्यांतली सुमारे २० ग्रॅम मिळतात. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे आहेत. त्यांतील ओमेगा-३ चरबीमुळे ट्रायग्लिसराइड कमी व्हायला मदत होते. बाजारात सुरमईला मान आणि तारलीला कमी भाव, पण या कामासाठी स्वस्त मासा सरस आहे.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळलेला तुकडा आठवड्यातून एखादा. बाकी दिवस तव्यावर चमचाभर तेलात किंवा कालवणात. मांदेली किंवा पेडव्यासारखे लहान मासे काट्यांसकट खाल्ले तर फॉस्फरस खूप जातो, म्हणून काटे काढता येतील असा मासा घ्यावा आणि फॉस्फरस बांधणारी गोळी त्या जेवणातच, घासांबरोबर घ्यावी. कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त पण संपृक्त चरबी कमी असते. पंधरा दिवसांतून एकदा ती खाल्ल्याने काही बिघडत नाही.

खरी अडचण जून-जुलैत येते. मासेमारीबंदीत ताजा मासा मिळत नाही आणि शिंकाळ्यावरचे खारे बांगडे, सोडे, सुकट, बोंबील खाली उतरतात. त्यांतील मिठाने तहान लागते, दोन डायलिसिसच्या मध्ये तीन-चार किलो पाणी चढते आणि हृदयावर ताण येतो तो याच दिवसांत. खारा मासा पाण्यात भिजवून पाणी टाकले तर मीठ कमी होते, जात नाही. या दोन महिन्यांसाठी अंडी, कोंबडीचे त्वचा काढलेले मांस आणि घरचे पनीर यांची सोय आधीच ठरवावी.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून. डायलिसिसमध्ये रक्त गोठू न देणारे हेपॅरिन चालू असते, काहींना अ‍ॅस्पिरिनही असते, आणि सुई काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागत असेल तर तेही सांगावे.

अंड्याचा बलक?

पांढरे रोज दोन-तीन चालतात. बलक आठवड्यातून तीन-चार. बलक टाळण्याचे कारण डायलिसिसवर कोलेस्टेरॉलपेक्षा फॉस्फरस हे अधिक आहे.

मी पोटाचे डायलिसिस घरी करते. माझे आकडे हिमोडायलिसिसवाल्यांपेक्षा वाईट का आहेत?

घाटरस्ते आणि पावसाळा पाहता पोटाचे डायलिसिस कोकणात सोयीचे आहे. पण त्यात पोटात सोडायच्या द्रवाच्या पिशवीत साखर असते. २.५ टक्क्यांच्या दोन लिटर पिशवीत ५० ग्रॅम ग्लुकोज असते आणि त्यातला मोठा भाग पोटाच्या पडद्यातून रक्तात शिरतो. दिवसाला चार पिशव्या म्हणजे तुम्ही न खाल्लेली बरीच साखर. यकृत तिचे ट्रायग्लिसराइड करते. शिवाय बाहेर पडणाऱ्या पाण्यातून रोज प्रथिने वाहून जातात, आणि ती भरून काढताना यकृत चरबीचे वाहक कणही अधिक बनवते. म्हणून एलडीएलही वाढते.

यावर उपाय पाणी-मिठाच्या शिस्तीतून सुरू होतो. मीठ कमी, तर पाणी कमी, तर ४.२५ टक्क्यांची कडक पिशवी कमी वेळा लागते. रात्रीच्या लांब पाळीसाठी ग्लुकोजऐवजी इकोडेक्स्ट्रिनची पिशवी चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. आणि पिशवीतून येणारी साखर मोजून ताटातला भात थोडा कमी करावा, प्रथिने मात्र वाढवावीत.

रक्त कधी आणि कुठून द्यावे?

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, सुई लावताना त्याच सुईतून, हेपॅरिन जाण्याआधी. हेपॅरिन चरबी फोडणाऱ्या विकराला रक्तात सोडते, त्यामुळे डायलिसिस चालू असताना किंवा लगेच नंतर घेतलेल्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड फसवे येतात. सकाळची पहिली पाळी असेल तर रात्रीच्या जेवणानंतरचे नऊ ते बारा तास सहज साधतात. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र उपाशी राहण्याआधी विचारावे. दुपारच्या पाळीवाल्यांनी जेवून दिलेला नमुनाही पहिल्या अंदाजाला चालतो, फक्त कागदावर तसे लिहून घ्यावे.

बाहेरच्या प्रयोगशाळेत जावे लागले तर फिस्टुलाच्या हातातून रक्त घेऊ देऊ नये, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टाही बांधू देऊ नये. दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागची शीर दाखवावी.

गोळी सुरू झाल्यापासून पाय दुखतात. बंद करू?

आधी दुखणे कोणते ते पाहावे. डायलिसिसच्या शेवटच्या तासात पोटरीत गोळा येतो तो बहुधा जास्त पाणी वेगाने काढल्यामुळे. स्टॅटिनचे दुखणे मांड्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना आणि डायलिसिस नसलेल्या दिवशीही असते. जिना चढताना किंवा पाटावरून उठताना अशक्तपणा जाणवतो. तसे असेल तर सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन डायलिसिसमध्ये निघून जात नाही, त्यामुळे ती आधी घ्यावी की नंतर या चिंतेचे कारण नाही.

चरबीवर घरगुती उपाय?

एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. करमळ, म्हणजे परसातले पंचकोनी आंबट फळ ज्याला कमरख किंवा स्टारफ्रूट म्हणतात, मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने चाखूनही पाहू नये. त्यातील विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. तुमच्या शरीरात ते मेंदूपर्यंत पोचते. न थांबणारी उचकी, गोंधळ, फिट्स आणि मृत्यू असा तो प्रवास असतो. चुकून खाल्ले गेले आणि उचकी लागली तर ताबडतोब डायलिसिस केंद्र गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे.

जवस, बदाम, अक्रोड, मेथीचे पाणी हे इतरांना सांगितले जाणारे उपाय तुमच्या पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाण्याच्या मर्यादेत बसत नाहीत. ‘लो सोडियम’ मीठही नको; त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. काढे आणि भस्मे घेत असाल तर ती प्रत्यारोपण केंद्राला दाखवावीत, लपवू नयेत.

चरबी जास्त म्हणून प्रत्यारोपण नाकारतात का?

निव्वळ आकड्यावरून नाही. केंद्राला पाहायचे असते ते हृदय आणि रक्तवाहिन्या शस्त्रक्रिया पेलतील का. त्यासाठी ईसीजी, टू-डी एको, गरज वाटल्यास स्ट्रेस चाचणी किंवा अँजिओग्राफी करतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटात बसवून त्याची रक्तवाहिनी जांघेकडे जाणाऱ्या धमनीला शिवतात. ती धमनी चुन्याने कडक झाली असेल तर टाका घालायला जागा मिळत नाही. म्हणून फॉस्फरसची गोळी नियमाने घेणे हे या वाटेवर कोलेस्टेरॉलच्या गोळीइतकेच, माझ्या मते काकणभर अधिक, महत्त्वाचे आहे. फॉस्फरससाठी सेव्हेलामर चालू असेल तर ती आतड्यात पित्ताम्लेही बांधते आणि एलडीएल आपोआप उतरते. हा उतार उपासमारीचा नव्हे.

प्रत्यारोपणानंतर पथ्य आणि गोळी दोन्ही सुटतील?

पोटॅशियम आणि पाण्याची बंधने बरीच सैल होतात. चरबीचे मात्र उलट आहे. प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चरबी वाढवतात, भूक उघडते, वजन चढते. प्रत्यारोपण झालेल्या २,१०२ रुग्णांवरील ‘अ‍ॅलर्ट’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, फ्लुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने येणारे मृत्यू आणि झटके कमी दिसले, जरी चाचणीचे ठरवलेले मुख्य उद्दिष्ट सांख्यिकीदृष्ट्या गाठले गेले नाही.

येथे औषधांची टक्कर सांभाळावी लागते. सायक्लोस्पोरिनबरोबर सिम्व्हास्टॅटिन देत नाहीत आणि इतर स्टॅटिनची मात्राही कमी ठेवतात. त्याच कामाच्या टॅक्रोलिमसबरोबर ही अडचण कमी असते. डिल्टियाझेम, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या काही गोळ्या स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणून गावातल्या दवाखान्यात खोकल्यासाठी गेल्यावरही आपली यादी पुढे करावी. आणि चतुर्थीला माटवीला बांधलेले पपनस प्रसाद म्हणून हातावर आले तर ते खाऊ नये. ग्रेपफ्रूटच्या जातीचे हे फळ प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची पातळी बिघडवू शकते. गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रियांनी स्टॅटिनबद्दल आधीच बोलावे.

मूत्रपिंड देणाऱ्या माझ्या बहिणीचे कोलेस्टेरॉल जास्त आहे. ती बाद होईल?

तेवढ्यावरून नाही. भावंडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्यात येतात. तिचा रक्तदाब, साखर, वजन आणि हृदय पाहून केंद्र ठरवते, आणि चरबीवर उपचार करून दान शक्य असते.

रात्री फोन आला की मूत्रपिंड उपलब्ध आहे, तर त्या दिवशी गोळी घ्यायची का?

फोन करणाऱ्या समन्वयकालाच विचारावे, आणि त्यांनी सांगेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. कोकणातून मुंबई किंवा पुणे गाठायला लागणारा वेळ लक्षात घेऊन एक पिशवी कायम भरलेली असावी. तिच्यात चालू गोळ्यांची पाकिटे पट्ट्यांसकट, शेवटच्या डायलिसिसची तारीख व ड्राय वेट लिहिलेली वही, हृदयाचे अहवाल आणि गेल्या सहा महिन्यांतला चरबीचा कागद ठेवावा. स्टॅटिन शेवटची कधी घेतली, हे वहीत त्या रात्रीच लिहून निघावे. घाट उतरता-चढता ते आठवत नाही.